उजवा कान

मच्छिंद्रचा डावा कान गेलेला होता. त्या बाजूनं त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, घर डोक्यावर घेतलं तरी गड्याला पत्ता लागायचा नाही. आणि त्याच मेलेल्या कानात गेले चार महिने बीटर वाजत होता.

बीटर म्हणजे रुळाखालची खडी ठोकून बसवायचं लोखंडी हत्यार. रेल्वेच्या गँगमध्ये ज्याच्या त्याच्या तळहाताला त्याचे घट्टे, आणि मारायची ढबही ज्याची त्याची. गनी शेख तीन ठोके मारायचा, थांबायचा आणि छातीतून 'हां' म्हणायचा. मच्छिंद्रला ऐकू येत होतं ते हेच. ठक्, ठक्, ठक्, हां. जेवताना तेच, अंघोळ करताना तेच. आणि गनी तर दौंडच्या कब्रस्तानात मातीखाली होता. त्याला तिथं पोचवला होता मच्छिंद्रनं. बोट लावलं नाही, हत्यार उचललं नाही. नुसता श्वास रोखून माणूस मारला. कसा, ते ऐका.

दोघं एकाच गँगला, एक-दोन नाही, चौदा वर्षं. दौंडहून पाटसच्या बाजूला जो रूळ जातो त्याच्यावर त्यांचं काम. मच्छिंद्र मूळचा शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. त्याचे वडील ईश्वरआबा याच रुळावर चावीवाले होते. चावीवाला रोज सकाळी एकटा निघतो, खांद्यावर हातोडा आणि पान्हा, आणि आपल्या हद्दीतला सगळा रूळ चालून बघतो. कुठं रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, बोल्ट सैल असेल तर आवळायचा. मागं मुकादम नाही, कुणाची कटकट नाही. ईश्वरआबा म्हणायचे, "गँगमधी दावणीला बांधल्यागत. चावीवाला आपल्या मुलखाचा राजा." पोरानं ते लहानपणी ऐकलं आणि काळजात ठेवलं. दुसरं काही मागितलं नाही त्यानं आयुष्यात. दारू नाही, पत्ते नाहीत. फक्त बापाचा तो हातोडा.

दोन वर्षांपूर्वी डावा कान जायला लागला. बायकोपासून लपवला, असं आपलं त्याला वाटत होतं. बायकोपासून काय लपतंय, पण पुरुषांना तेवढं कळलं असतं तर हवं काय होतं! गनीला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यानं बोभाटा केला नाही. मच्छिंद्रची पाळी झेंडीवर लागली, तेव्हा त्याला घेऊन वळणापाशी गेला. झेंडीवर म्हणजे पहारा. गँग खाली मान घालून काम करत असते, तेव्हा एकानं लांब उभं राहून गाडीची चाहूल घ्यायची आणि शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की सगळ्यांनी रुळाबाहेर. ज्याच्या तोंडात शिट्टी, त्याच्या हातात सगळ्यांचे जीव.

गनीनं त्याचे खांदे धरले आणि वळवून उभा केला.

"आसा. डोळं आमच्याकडं, उजवा कान वळनाकडं. एक कान गेला तर गेला, दुसरा दोनाचं काम करतो. आता बघ, गाडी दिसायच्या आदी तुला कळंल."

आणि खरंच कळायला लागलं. वळणावर बाभळीचं रान, गाडी दिसायची ती अगदी अंगावर आल्यावर. पण लांबच्या फलकापाशी ड्रायव्हरनं भोंगा दिला की मच्छिंद्रच्या उजव्या कानात तो सगळ्यांच्या आधी यायचा. गनीनं तिथं एक दगड चुन्यानं पांढरा करून ठेवला होता. या दगडावर पाय ठेवून उभं राहायचं, बस. दोघांशिवाय कुणाला त्या दगडाचा अर्थ ठाऊक नव्हता.

पुढं जुना चावीवाला रिटायर व्हायची वेळ आली. सगळी गँग धरून चालली होती, आता मच्छिंद्र. मच्छिंद्रनं वडिलांच्या हातोड्याला नवा दांडासुद्धा बसवून घेतला. आणि एके दिवशी मुकादम पोपटराव येऊन सांगतात, एक तारखेपासून चावीवाला गनी.

"आन् मी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"तू गँगमधीच बरा, बाबा. झेंडीवर उभा ऱ्हात जा. हलकं काम हाय." पोपटराव त्याच्याकडं न बघता म्हणाले.

झालं! मच्छिंद्रच्या डोक्यात एकच किडा शिरला. कानाचं गुपित कुणाला ठाऊक? एकट्या गनीला. आणि जागा कुणाला मिळाली? गनीला. दोन आणि दोन चार. संध्याकाळी गनी घरी आला. हातात पेढे नव्हते काही, तोंड उतरलेलं.

"मी पोपटमामांला म्हनलो व्हतो, पयला नंबर मच्छिंदरचा हाय. ते ऐकंनात. नाराज हाय का रं?"

"छ्या! मी कशाला नाराज हुईन," मच्छिंद्र म्हणाला आणि हसला. त्या वेळी एका शब्दानं विचारलं असतं, 'गन्या, तू सांगितलंस का रं माझ्या कानाचं?' तर आज ही गोष्टच नसती. पण विचारलं नाही. राग ओठावर आला असता तर शिवी होऊन बाहेर पडला असता. तो पोटात गेला आणि तिथंच मुरला.

नोव्हेंबर होता. एक तारखेला चार दिवस राहिले होते. दुपारी पोपटरावांनी भाकरी खायला हाक मारली, तशी गँग खाली उतरून निंबाखाली गेली. गनी राहिला.

"दोनच सिलीपर राहिल्यात मामा, उरकूनच येतो," तो ओरडला, आणि मान खाली घालून ठक्, ठक्, ठक्, हां.

माणूस रुळावर आहे म्हणून मच्छिंद्र पांढऱ्या दगडावरच होता. शेजारच्या रुळावरून लांबलचक मालगाडी चाललेली, तिच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. आणि त्या खडखडाटाच्या खालून, बारीक, उजव्या कानात, भोंगा आला.

आला. स्पष्ट आला. शिट्टी ओठात होती. त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि तो श्वास सोडला नाही.

राग उसळला, डोळ्यांपुढं अंधारी आली, असलं काही झालं नाही. लोकांना वाटतं खून करताना माणूस पेटलेला असतो. मच्छिंद्र थंड होता. समोर गनीची पाठ दिसत होती, खाकी शर्ट घामानं चिकटलेला, आणि मच्छिंद्रच्या मनात एवढंच होतं: हातोडा माझ्या बापाचा हाय. भोंगा परत झाला. वळणावर इंजिन दिसलं. मग त्यानं शिट्टी मारली, जीव खाऊन मारली, निंबाखालच्या सगळ्यांना ऐकू गेली. गनीनं मान वर केली. पळायला वेळ उरला नव्हता.

घरच्या अंगणात मयत ठेवलं होतं. उचलायच्या आधी गनीचा थोरला भाऊ अनिस पुढं आला. मुसलमानांत तशी रीत आहे. मेलेल्या माणसाच्या वतीनं घरचा माणूस सगळ्यांकडं माफी मागतो, म्हणजे त्याच्या मानेवर कुणाचं काही राहू नये.

"माझ्या भावानं कुनाचं मन दुखवलं आसंल, कुनाला उलटा शब्द बोलला आसंल," अनिस म्हणाला, "तर अल्लाच्या नावानं त्याला माफ करा."

"माफ किया, माफ केलं," माणसं म्हणाली. मच्छिंद्र सगळ्यांच्या पुढं उभा होता. तोही बोलला, आणि मोठ्यानं बोलला, "माफ केलं!" डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. त्या धारा खोट्या नव्हत्या, हेच तर अवघड आहे. आत पडद्यामागं गनीची बायको मदिना आणि नऊ वर्षांची पोर शिरीन बसल्या होत्या. त्यांना तो आवाज गेला. आणि घरी परत येताना मच्छिंद्रला वाटेतच एकाएकी उमजलं, की ज्याला आपण मारलं त्यालाच आपण माफ करून आलो. तो कुंपणाला धरून ओकला.

चौकशी झाली. शिट्टी उशिरा का वाजली? मच्छिंद्र म्हणाला, मालगाडी चालली व्हती, ऐकूच आलं न्हाई. कान तपासायला पाठवला. काचेच्या पेटीत बसवलं, कानावर डबे चढवले, हातात बटण दिलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज येईल, आला की दाबायचं. डाव्याला काही आलंच नाही. उजव्याला आलं, टीं, टीं, चांगलं लख्ख आलं. त्यानं बटणावरचा अंगठा हलवला नाही. पुन्हा एकदा ऐकलं, आणि पुन्हा एकदा गप्प राहिला. त्या पेटीत, त्या शांततेत, डाव्या कानात पहिल्यांदा ठोका पडला. ठक्.

कागद झाला: दोन्ही कान कामाचे नाहीत, बिचाऱ्याचा दोष नाही. मग दोष कुणाचा? बहिऱ्या माणसाला झेंडीवर उभं करणाऱ्याचा. पोपटराव निलंबित. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेला म्हातारा, सदतीस वर्षांत कधी लाल शेरा नाही, तो आता घराच्या पायरीवर बसून रस्त्याकडं बघत राहायचा. त्याची बायको धुरपदाबाई नळावर यायची बंद झाली. लोक मच्छिंद्रला जपायला लागले. त्याला ऑफिसात फायली इकडून तिकडं न्यायचं हलकं काम मिळालं. वाटेत भेटेल तो पाठीवर हात ठेवायचा, "लावून घेऊ नको रं जिवाला." जितकी माया जास्त, तितका बीटर जोरात. शांत बसलं की सुरू. म्हणून तो बडबडायला लागला, रेडिओ मोठ्यानं लावायला लागला, पंख्याखाली डावा कान दाबून झोपायला लागला. ठोके थांबेनात.

दोन महिन्यांनी त्याला सोसेना. तो साहेबाच्या केबिनमध्ये गेला.

"सायेब, मला ऐकू आलं व्हतं. भोंगा ऐकला म्या. शिट्टी मुद्दाम न्हाई मारली. पोपटमामांची काय चूक न्हाई. मला धरा."

साहेब तरुण होता, मनानं चांगला. त्यानं फाइल काढली, रिपोर्ट बघितला, मग मच्छिंद्रकडं बघितलं. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमचे दोन्ही कान गेलेत, मच्छिंद्र. मशीन खोटं बोलत नाही. डोळ्यांदेखत मित्र गेला की माणूस स्वतःला दोष देतो. रजा घ्या. गावाकडं जाऊन या."

तिथून तो तडक पोपटरावांच्या पायरीवर गेला आणि पाय धरले. सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला, मग त्यानं मच्छिंद्रचं डोकं मांडीवर घेतलं.

"लेकरा, माझं पाप तू डोक्यावर घिऊ नको. कानाचं मला ठावं व्हतं. चावीवाला एकटाच चालतो, मागून गाडी आली तर तुला सांगायला कोन? म्हनून तुला गँगमधी ठिवला. चार मानसं संगट आसत्याल म्हनलं. माझीच अक्कल शेन खायला गेली व्हती. तू कशाला येडा हुतोस?"

"मामा, मी येडा न्हाई!" मच्छिंद्र ओरडला. "मी शुद्धीत व्हतो तवा!"

"व्हय बाळा, व्हय," म्हातारा म्हणाला आणि थोपटत राहिला. आता या मायेवर माणसानं काय बोलावं! फाशी परवडली असती.

सुवर्णा त्याला केंदूरला घेऊन गेली. त्याच्या भावाचं झेंडूचं रान होतं, विहिरीला पाणी होतं, मोकळी हवा. तिथंही ठक्, ठक्, ठक्, हां. भाऊ शिरूरला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरला मच्छिंद्रनं सांगितलं, "मी खून केलाय, तो वाजतोय." डॉक्टरनं लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी दोन. गोळ्यांनी हातपाय जड झाले, जीभ जड झाली, बीटर मात्र हलका झाला नाही. गावातल्या आयाबाया लांबून हळहळायच्या. "दोस्तासाठी येडं झालं, गं. आसली मैतरी आता कुठं बघायला मिळतीय?"

एके दिवशी सुवर्णा झेंडू तोडता तोडता त्याच्या शेजारी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

"समदं माझ्यामुळं झालं बघा. तुमी म्हनताय मी मारला, मी मारला. तुमी न्हाई, मी मारला त्यास्नी."

"काय बोलतीस?"

"तुमच्या कानाचं धुरपदाबाईस्नी मीच सांगितलं व्हतं. नळावर. तुमाला चावीवाला करत्याल आन् एखांद्या दिवशी तुमी मागनं येनारी गाडी ऐकायचा न्हाई, या भ्यानं मला झोप लागंना. म्हनलं, त्या मामांच्या कानावर घालत्याल. गनीभाऊ तर मामांशी भांडले म्हनं तुमच्यासाठी. मी गप ऱ्हायले आसते तर..."

पुढचं मच्छिंद्रला ऐकू आलं नाही. तो झेंडूच्या ओळीत तसाच बसून राहिला, हातात तोडलेलं फूल. गनी नव्हता. गनीनं सांगितलंच नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी त्यानं श्वास रोखला, ती गोष्ट घडलीच नव्हती. आजवर त्याच्याजवळ निदान एक कारण होतं, वाईट का होईना. तेही गेलं. "अरं गन्या रं," एवढंच तो म्हणाला, आणि मग नुसता हुंदका, लहान पोरासारखा.

एप्रिल लागला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तो दौंडला आला आणि गनीच्या दारात उभा राहिला. एवढे दिवस तो त्या गल्लीत फिरकला नव्हता. अर्थात, मुसलमानांत नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषापुढं येत नाही. इद्दत म्हणतात त्याला. मच्छिंद्रनं स्वतःला तेच कारण सांगितलं होतं, भाभी भेटायच्या नाहीत, जाऊन काय करू. इद्दत कालच संपली होती.

शिरीननं दार उघडलं. "मच्छिंदरचाचा!" म्हणून ती आनंदानं आत पळाली. मदिना बाहेर आली. चार महिन्यांत बाईची रया गेलेली. तिनं पोरीला शेजारी धाडलं, अनिसला आत बसायला सांगितलं, आणि मच्छिंद्रसमोर जमिनीवर बसली.

"बोला."

त्यानं सगळं सांगितलं. भोंगा, श्वास, बटण, सुवर्णाचं बोलणंसुद्धा. आत अनिसनं खाटेचा दांडा धरून ठेवला होता, त्याचा करकर आवाज येत होता.

"तुमाला बी वाटतंय का, मी येडा झालोय?" मच्छिंद्रनं शेवटी विचारलं.

"न्हाई," मदिना म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं व्हतं."

"कसं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"ते रोज घरी येऊन सांगायचे. मच्छिंदरला उजवा कान वळनाकडं करून उभा केलाय, आता आमी सगळे बिनघोर. चुना पन माझ्याकडनंच नेला व्हता, त्या दगडाला. त्या दिवशी मानसं म्हनाली, बहिरा व्हता, ऐकू आलं न्हाई. मी मनात म्हनलं, ऐकू कसं न्हाई आलं? आन् मग तुमी अंगनात वरडलात, माफ केलं! एवढ्या मोठ्यानं कुनीच म्हनलं न्हाई. तवाच माझ्या काळजात चर्र झालं."

"मग बोलला का न्हाई?"

"कुनाला बोलू? इद्दतीत व्हते. आन् मनात म्हनायचे, तो येईल. पडद्याआडून ऐकलं आसतं मी. चार महिने दहा दिवस दार वाजलं की वाटायचं, तुमी आलात. सायेबाकडं गेलात, मामांकडं गेलात, शिरूरच्या डॉक्टरकडं गेलात. माझ्याकडं सगळ्यांच्या शेवटी आलात, मच्छिंदरभाऊ!"

त्यानं जमिनीला डोकं टेकलं. "माफ करा भाभी. एवढं एक."

"ते माझ्या हातात न्हाई. ज्याचा गुन्हा केला त्यानंच माफ करायचं आसतं आमच्यात. त्याची माफी तुमी देऊन बसलात. तुमची द्यायला तो कुठं हाय?" तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "पन पोपटमामा फुकट मरत्यात. त्यांच्यासाठी मी येते. उद्या सायेबापुढं दोघं बोलू. दगडाचं मी सांगते, कानाचं तुमी दाखवा."

त्या रात्री मच्छिंद्रला चार महिन्यांत पहिल्यांदा घासभर अन्न गोड लागलं. आता धरतील. आता मामा सुटतील. खरं बोलल्यावर बीटर थांबेल, असंही त्याला वाटून गेलं.

साहेबानं मदिनाचं सगळं ऐकून घेतलं. बाई शांत बोलत होती, त्यामुळं त्याला हसण्यावारी नेता येईना. म्हणाला, ठीक आहे, आत्ताच कान पुन्हा तपासू. उजवा चांगला निघाला, तर सगळी चौकशी नव्यानं. मुकादमाचा प्रश्नच मिटला.

तीच काचेची पेटी. तेच डबे, तेच बटण. काचेपलीकडं मदिना आणि अनिस बाकावर बसलेले दिसत होते. डॉक्टरनं दार लावलं. शांतता झाली, आणि ठक्.

डाव्या कानातच नाही, उजव्याही कानात. ठक्, ठक्, ठक्, हां. मच्छिंद्रनं डोळे मिटून, दात आवळून त्या ठोक्यांच्या फटीतून बारीक टीं शोधायचा प्रयत्न केला. थांब रं गन्या, तो तोंडानं पुटपुटला, जरा थांब, एकदाच ऐकू दे. आलं असं वाटलं की तो जीव खाऊन बटण दाबायचा. शेवटी डॉक्टरनं दार उघडलं.

"अहो, मी काही वाजवलंच नव्हतं तेव्हा तुम्ही दाबताय. आणि वाजवलं तेव्हा गप्प. ओठांकडं बघून बोलणं समजतं यांना, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही कान गेलेत."

"न्हाई, डागतर! मला येतं ऐकू! आईची आन!"

"शांत व्हा, शांत व्हा," डॉक्टर म्हणाले.

साहेबानं कागद वाचला आणि मदिनाकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण आता दुसऱ्यांदा हेच निघालं. उलट मुकादमाचं जास्त अवघड झालं. असा माणूस त्यांनी झेंडीवर ठेवला होता." मच्छिंद्रला त्यानं आणखी दोन महिन्यांची रजा मंजूर केली.

अनिसची स्वतःची रिक्षा होती. तिघं तिच्यातून परत निघाले. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, उसाचे ट्रॅक्टर, मोटारसायकली. ऊन मी म्हणत होतं. रूळ दोन्हीकडं रिकामे, गाडीचा मागमूस नाही. माणसं इंजिनं बंद करून मोबाइल बघत उभी होती.

मच्छिंद्र एकाएकी रिक्षातून उतरला. फाटकापाशी गेला. कुणीतरी खांदे धरून वळवावं तसा वळून, उजवा कान रुळाकडं करून उभा राहिला. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला.

"आली," तो म्हणाला.

शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं लांबवर बघितलं. काही नव्हतं. "कुठं काय, काका?"

मच्छिंद्रनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. अशी मारली की रांगेतल्या शेवटच्या ट्रॅक्टरवाल्यानं मान वर केली. मग रिकाम्या रुळाकडं बघून ओरडला, "गन्या! ठिव ते खाली! गाडी आली, भाईर ये!"

दोन पोरी हसल्या. एक म्हातारी चुकचुकली, "येडं हाय बिचारं." अनिस त्याला आणायला उतरू लागला, तर मदिनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. आता मोटारसायकलवाल्यालाही भोंगा ऐकू आला, लांबून, अगदी बारीक.

गाडी यायला अजून बराच वेळ होता. तेवढ्या वेळात माणूस बीटर खाली ठेवतो, कमरेला हात देऊन सरळ होतो, कपाळाचा घाम पुसतो आणि सावकाश चार पावलं चालून रुळाबाहेर येतो. मदिना रिक्षात बसून त्या रिकाम्या रुळाकडं बघत राहिली, गाडी येऊन जाईपर्यंत.